कोडवर नाव कुणाचं? बंगळुरूच्या कंपन्या आणि तिथले प्रोग्रॅमर



बेळगाव असो, इंदूर असो, बडोदा की हैदराबाद, तुम्ही जिथून ही मालिका ऐकताय तिथल्या ओळखीच्या दहा मराठी घरांत डोकावून बघा. एखाद्या तरी घरातला मुलगा, मुलगी नाहीतर जावई बंगळुरूला ‘आयटी’त असतो. त्या घरी विचारा, तो तिकडे करतो काय? कंपनीचं नाव लगेच सांगतील. इमारतीला मजले किती, कॅन्टीन कसं आहे, न्यायला गाडी येते का, हेही सांगतील. पण त्याने आजवर नेमकं काय बनवलं, असं विचारलंत की घर गप्प. बरेचदा त्या मुलालाही सांगता येत नाही. सुतार वीस वर्षांनी एखाद्या गल्लीतून जाताना दाराकडे बोट दाखवतो. गवंडी पाण्याची टाकी दाखवतो. ज्याने वीस वर्षं प्रोग्रॅम लिहिले त्याच्याकडे दाखवायला काहीच नसतं, कारण ते सगळं परदेशातल्या कुठल्यातरी बँकेच्या कुलपात असतं, आणि त्याबद्दल बाहेर बोलणार नाही अशी सही त्याने रुजू होतानाच करून दिलेली असते.

आजचा भाग याबद्दल आहे. सॉफ्टवेअर कंपनी आणि सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस यांचं नातं बंगळुरूत कसं घडत गेलं? पगाराचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे, तो मी थोडक्यात उरकणार आहे. मला बोलायचंय ते नावाबद्दल. केलेल्या कामावर करणाऱ्याचं नाव राहतं का? माझं वाचन मला असं सांगतं की बंगळुरूत हे नातं जिथे जिथे टिकलं, तिथे या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं होतं.

सुरुवात १९७८ पासून करू. त्या वर्षी आयबीएमने भारतातला गाशा गुंडाळला. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने, म्हणजे ‘फेरा’ने, परदेशी कंपन्यांना भारतीय भागीदार घ्यायला भाग पाडलं होतं, आणि आयबीएमला मालकी वाटून घेणं मान्य नव्हतं. जाण्याआधी या कंपनीचा इथला कारभार कसा होता? यंत्र भाड्याने द्यायचं, आणि तेही बरेचदा दुसऱ्या देशांत वापरून झालेलं, डागडुजी करून पाठवलेलं. यंत्राच्या पोटात काय चालतं ते कंपनीची माणसं बघणार, आपण भाडं भरायचं. भाडेकरू आणि घरमालक यांच्यात जेवढं प्रेम असतं तेवढंच ते होतं. आयबीएम लक्षात ठेवा, ती पुन्हा येणार आहे.

बंगळुरू तोवर अभियंत्यांचं गाव झालेलं होतं. विज्ञान संस्था १९०९ ची, हिंदुस्तान एअरक्राफ्ट १९४० ची, टेलिफोन कारखाना १९४८ चा, भारत इलेक्ट्रॉनिक्स १९५४ ची. इन्फोसिस १९८१ मध्ये आपल्या पुण्यात जन्मली आणि १९८३ मध्ये बंगळुरूला गेली, हे सांगताना पुणेकरांचा चेहरा अजून पडतो, म्हणून पुढे जाऊ. १९८५ मध्ये अमेरिकेची टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आली आणि तिने उपग्रहामार्फत थेट परदेशाशी जोडणी घेतली. तिची ती भली मोठी अँटेना बैलगाडीवरून आली, असा किस्सा बंगळुरूत अजून सांगतात. मग १९९१ चे सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क, मग दोन हजार सालचा तारखांचा घोळ निस्तरायचं काम, आणि मग ती काचेची शहरं.

या सगळ्यात कंपनीने माणसाला काय दिलं? पैसा दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. इन्फोसिसने १९९४ पासून कर्मचाऱ्यांना शेअर द्यायला सुरुवात केली, आणि त्या शेअरवर मध्यमवर्गातल्या कितीतरी लोकांनी घरं बांधली. वाटा मिळाला. नाव मात्र मिळालं नाही. काम साहेबाच्या देशातलं, दुरुस्त करायचा प्रोग्रॅम दुसऱ्याने लिहिलेला, आणि दुरुस्ती कुणी केली हे ग्राहकाला कळण्याचं कारण नव्हतं. त्याला बिलात इतकी माणसं, इतके तास, एवढंच दिसायचं.

इथे कायद्याची एक गंमत सांगतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम हा साहित्यकृतीत मोडतो. कथा, कविता आणि पगारपत्रकाचा प्रोग्रॅम, सगळे एकाच पंगतीला. नोकरीत असताना लिहिलेल्या कृतीची मालकी, वेगळा करार नसेल तर, मालकाची. हे कलम सतरा. पण पुढे कलम सत्तावन आहे, आणि ते म्हणतं की मालकी दुसऱ्याला दिली तरी ‘हे मी लिहिलं’ असं सांगण्याचा लेखकाचा हक्क शाबूत राहतो. म्हणजे कागदावर बंगळुरूतला प्रत्येक प्रोग्रॅमर हा लेखकच होता. फक्त त्याचं पुस्तक कुणी उघडू शकत नव्हतं.

आता एका माणसाची गोष्ट. अतुल चिटणीस. आडनाव ओळखीचं आहे. मराठेशाहीत पत्रव्यवहार सांभाळणारा तो चिटणीस. अतुल चिटणीस यांचा जन्म १९६२ चा, जर्मनीत बर्लिनचा. वडील भारतीय, आई जर्मन. अभियांत्रिकीचं शिक्षण बेळगावच्या गोगटे इन्स्टिट्यूटमध्ये. पुढे कर्मभूमी बंगळुरू. या माणसाने १९८९ मध्ये ‘सिक्स’ नावाचं बुलेटिन बोर्ड सुरू केलं. तरुण श्रोत्यांसाठी सांगतो: इंटरनेट अजून घराघरांत यायचं होतं. घरातल्या संगणकाला मोडेम जोडायचा, टेलिफोन फिरवायचा, पलीकडच्या संगणकाने उचलला की त्यावर निरोप ठेवायचे, इतरांचे वाचायचे, फाइली उतरवून घ्यायच्या. एका फोनलाइनवर एका वेळी एकच माणूस. बाकीचे एंगेज टोन ऐकत बसायचे. आडनावाप्रमाणेच काम, दुसऱ्यांच्या पत्रांची व्यवस्था ठेवायची.

विदेश संचार निगमने सामान्य माणसासाठी इंटरनेट खुलं केलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. पण ते महाग आणि मुंगीच्या पावलांचं. त्याच काळात जगभरचे प्रोग्रॅमर मिळून लिनक्स नावाची कार्यप्रणाली उभी करत होते. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सने तिची सुरुवात केली. तिचा कोड कुणीही वाचावा, बदलावा, बदल परत पाठवावा, आणि ज्याने बदल केला त्याचं नाव नोंदवलं जावं, अशी रीत. म्हणजे आमच्या मुलाकडे जे नव्हतं तेच.

अडचण एवढीच की ती आणायची कशी? हिशेब करून बघा. एका सीडीत साधारण ६५० मेगाबाइट मावतात. सेकंदाला ९,६०० बिट या वेगाने, लाइन एकदाही न तुटता, ते उतरवायला दीडशे तास लागतील. सहा दिवसांहून जास्त, आणि टेलिफोनचं बिल वेगळं. लाइन न तुटता म्हणालो, तेव्हा तुमच्यातले वयस्कर लोक हसले असतील.

तर मार्च १९९६ मध्ये ‘पीसीक्वेस्ट’ या मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडीच दिली. चिटणीस या मासिकात लिहीत असत आणि त्या खटपटीत त्यांचा पुढाकार होता. पुढेही हे मासिक वर्षानुवर्षं लिनक्सच्या सीडी देत राहिलं. ही गोष्ट छोटी वाटते, पण विचार करा: नांदेडच्या किंवा धारवाडच्या कॉलेजातल्या मुलाला, रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या मासिकात, जगातल्या उत्तम प्रोग्रॅमरांचा कोड हाती आला. एकाने सीडी घ्यायची आणि होस्टेलने वापरायची. कुणाची परवानगी नको, चोरीही नव्हे. भारतातल्या एका अख्ख्या पिढीने लिनक्स पहिल्यांदा पाहिलं ते असं.

ही मुलं पुढे बंगळुरूला आली, नोकऱ्यांना लागली, संध्याकाळी आणि शनिवारी एकमेकांना भेटू लागली. त्यातून २००१ मध्ये ‘लिनक्स बंगलोर’ ही परिषद उभी राहिली. चिटणीस पुढे, आणि सोबत स्वयंसेवकांची मोठी टोळी, बहुतेक सगळे नोकरी सांभाळून राबणारे. २००५ पासून तिचं नाव ‘फॉस डॉट इन’ झालं. खुल्या सॉफ्टवेअरच्या आशियातल्या सर्वांत मोठ्या परिषदांत ती गणली जायची. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारा ॲलन कॉक्ससारखा माणूस तिथे येऊन बोलला.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की यजमान कोण होतं. तंत्रज्ञानाच्या कंपन्यांनी प्रोग्रॅमरांना जवळ करण्याचा धंदा जुना आहे. ॲपलने १९८४ मध्ये मॅकिंटॉश बाजारात आणला तेव्हा बाहेरच्या लोकांनी त्यासाठी प्रोग्रॅम लिहिल्याशिवाय तो खपणार नव्हता. म्हणून त्यांनी गाय कावासाकीसारखी माणसं नेमली आणि त्यांच्या कामाला शब्द घेतला थेट चर्चमधला, ‘इव्हँजेलिस्ट’, म्हणजे धर्माचा प्रचार करणारा. शब्दातच सगळं आलं. एक सांगणार, बाकीचे ऐकणार. पुढे प्रत्येक मोठ्या कंपनीने हेच केलं. हॉटेलात मोठा हॉल, पडद्यावर नवं उत्पादन, जेवण उत्तम, जाताना टी-शर्ट आणि पिशवी. बंगळुरूत काही वर्षं काढलेल्या माणसाच्या कपाटात असे टी-शर्ट निघतातच. माझ्या एका मित्राकडे तर गाडी पुसायलाही तेच आहेत.

फॉस डॉट इनमध्ये हे उलटं होतं. घर प्रोग्रॅमरांचं, कंपनी पाहुणी. कंपन्या पैसे देत, माणसं पाठवत, पण व्यासपीठावर उभं राहायचं तर विक्रीचं भाषण चालत नसे, तुम्ही काय लिहिलंय ते दाखवावं लागे. हळूहळू चिटणीस आणि मंडळींचा सूर आणखी कडक झाला. आपण भारतीय लोक खुलं सॉफ्टवेअर वापरतो भरपूर, परत देतो किती? शेवटच्या काही वर्षांत भाषणांइतकाच भर ‘वर्कआउट’वर होता, म्हणजे गट करून बसायचं आणि कोड लिहूनच उठायचं. काहींना हा आग्रह जड वाटला. जाहिरातीला मोठी गर्दी हवी असते, आणि कोड लिहायला बसणाऱ्यांची गर्दी कधीच मोठी नसते. मला विचाराल तर चिटणीसांचं म्हणणं बरोबर होतं, पण अशा बरोबरपणाची किंमत पैसे गोळा करणाऱ्याला मोजावी लागते.

आता आयबीएमकडे परत येऊ. १९९२ मध्ये ती टाटांच्या भागीदारीत भारतात आली आणि मुक्काम केला बंगळुरूत. जिला भागीदार नको होता म्हणून ती गेली होती, ती भागीदार घेऊन परतली! काही वर्षांनी तिने लिनक्सवर मोठी रक्कम लावली आणि लिनक्सवर काम करणारे अभियंते पगारावर ठेवले, त्यांतले काही बंगळुरूत. त्यांच्यातलं एक नाव दीपंकर शर्मा. लिनक्समध्ये ‘आरसीयू’ नावाची एक युक्ती आहे. सोपं करून सांगतो. ग्रंथालयातलं सूचीपत्र शंभर जण वाचत आहेत आणि त्यात एक दुरुस्ती करायची आहे. जुनी पद्धत म्हणजे सगळ्यांना उठवायचं, दार लावायचं, दुरुस्ती करायची, दार उघडायचं. आरसीयूची पद्धत अशी: दुरुस्त केलेलं नवं पान शेजारी तयार करायचं, नव्याने येणाऱ्यांना ते द्यायचं, आणि जुनं पान वाचणारा शेवटचा माणूस उठला की मगच ते फेकायचं. कुणालाही थांबावं लागत नाही. अनेक प्रोसेसर असलेल्या यंत्रात याने वेळ किती वाचतो याची कल्पना करा. ही युक्ती ऑक्टोबर २००२ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आली. अमेरिकेतल्या पॉल मॅकेनी यांच्यासोबत या कामात दीपंकर शर्मा होते, आणि लिनक्सच्या कोडसोबत जी सांभाळणाऱ्यांची यादी असते, तिच्यात आरसीयूसमोर वर्षानुवर्षं त्यांचं नाव होतं. त्याच कंपनीतल्या सुपर्णा भट्टाचार्य यांचंही गाभ्यातलं काम असंच नावानिशी नोंदलेलं आहे.

नोकरी आयबीएमची, पगार आयबीएमचा, कोड सगळ्या जगाचा, आणि नाव लिहिणाऱ्याचं. १९७८ मध्ये भाडं वसूल करणारी हीच कंपनी. तिला उपरती वगैरे झाली असं मी म्हणत नाही. लिनक्स चांगलं चाललं की तिची यंत्रं खपत होती, हा सरळ धंद्याचा हिशेब होता. पण त्या हिशेबातून माणसाला जे मिळालं ते खरं होतं. उद्या नोकरी सुटली तरी नाव सुटत नव्हतं.

नावाला आणखी एक बाजू आहे, जबाबदारीची. मार्च २००३ मध्ये एससीओ नावाच्या कंपनीने आयबीएमवर दावा ठोकला की आमच्या मालकीचा कोड तुम्ही लिनक्समध्ये घातला. वादात ओढल्या गेलेल्या गोष्टींत हे आरसीयूही होतं. खटला पुढे वर्षानुवर्षं चालला. पण २००४ मध्ये लिनक्सने एक नियम केला: प्रत्येक बदलाखाली पाठवणाऱ्याने नाव घालून सही करायची, की हा कोड द्यायचा मला अधिकार आहे. आपल्याकडे खतावर साक्षीदाराची सही असते ना, तसंच.

आणि मराठीचं काय? त्याच काळात रेड हॅट या लिनक्सच्या कंपनीने ‘लोहित’ नावाचे भारतीय लिप्यांचे फॉन्ट खुल्या परवान्याखाली दिले, आणि त्यांची देखभाल पुण्याच्या कार्यालयातले अभियंते करत. लिनक्सच्या पडद्यावर देवनागरी वाचताना बरीच वर्षं आपण हीच अक्षरं वाचली. भाषा आपली, कोड उघडा, आणि चूक सापडली तर सांगायला पुण्यात माणूस, यापेक्षा जवळचं नातं कुठल्या कंपनीशी असतं?

फॉस डॉट इन शेवटचं भरलं २०१२ च्या अखेरीस. चिटणीसांना कर्करोगाने गाठलं होतं. ३ जून २०१३ ला, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, ते बंगळुरूत गेले. बारा वर्षं चाललेली ही गोष्ट एका माणसाच्या रेट्यावर फार अवलंबून होती, हे मान्य केलं पाहिजे. पण तोवर शहराला सवय लागली होती. २००६ पासून ‘बारकॅम्प’ सुरू होते, जिथे जागा एखाद्या कंपनीच्या कार्यालयात मिळायची आणि कोण काय बोलणार ते आलेले लोक त्याच सकाळी फळ्यावर ठरवायचे. देशातली पायथनची पहिली परिषद २००९ मध्ये बंगळुरूतच, विज्ञान संस्थेत झाली. २०१० मध्ये किरण जोन्नलगड्डा आणि झैनब बावा यांनी ‘हॅजगीक’ सुरू केलं, आणि कुणी कशावर बोलावं याचे प्रस्ताव सगळ्यांसमोर उघडे मांडण्याची रीत पाडली.

दुसरीकडे नुसत्या भावाचं नातं कसं असतं तेही याच शहराने पाहिलं. गूगलने २०१८ मध्ये आपल्या नकाशांच्या वापराचे दर बदलले. ज्यांनी आपलं ॲप त्या नकाशावर उभं केलं होतं त्यांना एकदम कार्डाचा नंबर द्यावा लागला आणि बिलाचा हिशेब मांडावा लागला. जुलै २०२४ मध्ये बंगळुरूच्या ओलाने स्वतःचे नकाशे प्रोग्रॅमरांना वर्षभर फुकट देऊ केले. त्याच महिन्यात गूगलने भारतापुरते दर सत्तर टक्क्यांपर्यंत खाली आणल्याचं जाहीर केलं. ग्राहकाची चंगळ झाली, उत्तम. पण सहा वर्षांपूर्वी दर वाढताना कुणी विचारलं नव्हतं आणि घटतानाही कुणी विचारलं नाही. उद्या पुन्हा वाढले तर? मंडईत भाव पडला म्हणून कुणी व्यापाऱ्याशी सोयरीक करत नाही.

आता अलीकडचं एक. बंगळुरूची झिरोधा ही शेअर दलाली करणारी कंपनी. तिचा बराचसा डोलारा खुल्या सॉफ्टवेअरवर उभा आहे आणि ती लोकं ते उघड सांगतात. २०२० मध्ये झिरोधा आणि मुंबईची फ्रॅपे या दोन कंपन्यांनी पुढाकार घेऊन ‘फॉस युनायटेड’ ही संस्था उभी केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये झिरोधाने ‘फ्लॉस फंड’ जाहीर केला: दरवर्षी दहा लाख डॉलर, जगात कुठेही खुलं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांसाठी. एका प्रकल्पाला दहा हजारांपासून एक लाख डॉलरपर्यंत. बदल्यात मालकी मागत नाहीत. अर्ज करायची पद्धत मला आवडली. प्रकल्पाने एक छोटी फाइल आपल्या जागी उघडी ठेवायची: आम्ही कोण, काय सांभाळतो, आम्हाला किती पैसे लागतात. म्हणजे तिथेही सुरुवात नावानेच.

पैसे देणारी कंपनी उद्या अडचणीत आली तर हा फंड राहील का, अशी शंका तुम्ही काढाल, आणि ती रास्त आहे. फॉस डॉट इनलाही पैशाची चिंता कधी सोडून गेली नव्हती. पण फॉस युनायटेडच्या गावोगाव बैठका होतात, आणि त्यांची मोठी परिषद ‘इंडियाफॉस’ बंगळुरूत भरते. सप्टेंबर २०२४ मध्ये ती होसूर रस्त्यावरच्या निमहान्सच्या सभागृहात भरली होती. फॉस डॉट इनच्या शेवटच्या खेपाही तिथेच झाल्या. तुमच्या घरातलं कुणी बंगळुरूला असेल तर पुढच्या वेळी त्याला तिथे जाऊन यायला सांगा, आणि आल्यावर विचारा, तुझं नाव कुठल्या कोडवर आहे ते दाखव. दाखवलंच तर आम्हालाही कळवा.